आधी भांडण, मग नियम

इंग्लंडमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या पुष्कळ जोडप्यांची अशी समजूत असते की काही वर्षे एका छपराखाली काढली की कायदा आपल्याला नवरा-बायकोच धरतो. या नात्याला त्यांनी नावही देऊन टाकले आहे : ‘कॉमन लॉ मॅरेज’. २०१९ साली ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्लंड-वेल्समधल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी असा विवाह असतो असेच सांगितले होते. प्रत्यक्षात तो नाही. एका बाईने एकोणीस वर्षे संसार केला, दोन मुले वाढवली, पुढे स्वतः कमवू लागल्यावर घरखर्चाला हातभार लावला, आडनावही त्याचेच लावले. नाते तुटले तेव्हा घर पुरुषाच्या नावावर होते. १९८३ साली ‘बर्न्स विरुद्ध बर्न्स’ या खटल्यात अपील न्यायालयाने तिला त्या घरात काडीचाही वाटा दिला नाही. न्यायमूर्तींना तिची कणव नव्हती असे नाही; पण घर घेताना तिचा पैसा लागलेला नव्हता, आणि ही उणीव भरून काढायची तर ती संसदेने काढावी, असे त्यांनी म्हटले.

कॉमन लॉ म्हणजे न्यायाधीशांनी निकालांमधून घडवत नेलेला कायदा. न्यायाधीशाच्या हातून नियम घडतो हीच ज्याची ख्याती, त्या कायद्याच्या नावाने लोक ज्या नात्याला ओळखतात, त्याच नात्यापुढे न्यायाधीशांनी हात वर केले. प्रस्तुत पुस्तक या विसंगतीपासून सुरू होते आणि मला वाटते ती सुरुवात योग्य आहे. कॉमन लॉची ओळख करून द्यायची तर बहुतेक लेखक करारापासून किंवा नुकसानभरपाईपासून आरंभ करतात. या लेखिकेने नातेसंबंध निवडले. कागद नाही, साक्षीदार नाहीत, नुसते जगणे आहे, अशा ठिकाणी हा कायदा काय करतो ते पाहिले की त्याची ताकद आणि त्याचा लबाडपणा दोन्ही उघडे पडतात.

नव्या वाचकासाठी थोडा मागचा धागा. बाराव्या शतकातल्या इंग्लंडात जमिनीची, वारशाची, गुन्ह्याची रीत परगण्यागणिक वेगळी होती. दुसऱ्या हेन्रीने (११५४–११८९) आपले न्यायाधीश देशभर फिरतीवर धाडायला सुरुवात केली. आज यॉर्कला बसलेला माणूस काही महिन्यांनी एक्सेटरला बसे, आणि मधल्या काळात वेस्टमिन्स्टरला परतून सहकाऱ्यांशी बोले. अशा ये-जा करण्यातून राजाच्या न्यायालयांचा म्हणून एक सामाईक कायदा तयार झाला. कोणी बसून तो लिहिला नाही. पहिली दोनशे-तीनशे वर्षे तो ‘रिट’ नावाच्या ठरीव नमुन्याच्या राजाज्ञांवर चालला. तक्रार रिटात बसली तर न्याय, नाही बसली तर घरी जा, असा मामला होता. मग माणसे थेट राजाच्या चॅन्सेलरकडे अर्ज घेऊन जाऊ लागली आणि तिथे सद्सद्विवेकाच्या आधारावर दाद देणारी ‘इक्विटी’ नावाची दुसरी शाखा उभी राहिली. दोन्ही न्यायालयांचे इतके बिनसले की १६१५–१६ मध्ये पहिल्या जेम्सला मध्ये पडावे लागले. त्याने चॅन्सरीची बाजू घेतली आणि कॉमन लॉचा कैवारी एडवर्ड कोक हरला. १८७३–७५ च्या कायद्यांनी ही दोन घरे एक केली. आपल्याकडे हा दुभंग फारसा जाणवत नाही. एकच न्यायाधीश नुकसानभरपाईही देतो आणि मनाईहुकूमही.

म्हणून ‘कॉमन लॉ’ हे शब्द कानावर आले की ते कशाच्या विरोधात उच्चारले गेले ते आधी पाहावे. कधी ते संसदेच्या कायद्याच्या विरोधात असतात, कधी इक्विटीच्या, कधी युरोपातल्या संहिताबद्ध पद्धतीच्या. आणि नात्यांच्या संदर्भात ते नोंदणी केलेल्या लग्नाच्या विरोधात असतात. वाद घालणारी माणसे बऱ्याचदा यातल्या वेगवेगळ्या अर्थांवर उभी राहून एकमेकांवर ओरडत असतात.

युरोप खंडाची वाट वेगळी. सहाव्या शतकात जस्टिनियनने रोमन कायद्याचे संकलन करवून घेतले, बाराव्या शतकाच्या आगेमागे बोलोन्याच्या विद्यापीठात त्याचा पुन्हा अभ्यास सुरू झाला, १८०४ साली नेपोलियनची नागरी संहिता आली, १९०० साली जर्मनीची लागू झाली. तिथे कायद्याचा मानकरी प्राध्यापक, इंग्लंडात न्यायाधीश. ही दुसरी पद्धत पाहायला मराठी माणसाला पॅरिसला जायचे कारण नाही. बांद्याहून पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पुरे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू आहे, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कुटुंबाच्या बाबतीत ती बरीचशी टिकली. तिथे लग्न हा मुलकी नोंदणी अधिकाऱ्यापुढे होणारा करार, आणि लग्नाआधी वेगळे काही लिहून ठेवले नसेल तर दोघांची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी. सावंतवाडीच्या सुनेला नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, पण मालकी मिळत नाही. पेडण्याच्या सुनेला ती पहिल्या दिवसापासून असते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने गोवेकरांच्या भारतात कुठेही असलेल्या मिळकतीला वारशापुरता हाच कायदा लागू होतो, असे सांगितले. मौज म्हणजे या संहितेचा अर्थ आता गोव्यात बसणारे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ लावते आणि तो पूर्वनिर्णयांच्या आधारे लावते. संहिता पोर्तुगीज, वाचायची रीत इंग्रजी. या पुस्तकातला गोव्याचा भाग मला सर्वांत आवडला. तो दुप्पट मोठा असता तरी चालला असता.

मुंबईचे नशीब उलटे. बेट पोर्तुगिजांकडून १६६१ च्या लग्नकरारात इंग्लंडच्या राजाला मिळाले, १६६८ मध्ये कंपनीकडे गेले, आणि १६७२ साली गव्हर्नर जेराल्ड आँजिएरने पोर्तुगीज कायदा काढून तिथे इंग्रजी कायदा जाहीर केला. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास, कलकत्ता या तीन शहरांत मेयरची न्यायालये बसली. बेटाबाहेर, दख्खनमध्ये, गोष्ट निराळी होती. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ चे रेग्युलेशन आले. त्यातला क्रम असा : आधी लिखित कायदा, तो नसेल तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक. क्रम वाचायला छान आहे. प्रत्यक्षात न्यायाधीशाचा सद्सद्विवेक ज्या देशात वाढला, तिथलाच कायदा त्याला न्याय्य वाटे. १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, ते उघड सांगूनच टाकले : या शब्दांचा अर्थ साधारणपणे इंग्रजी कायद्याचे नियम, भारतीय समाजाला लागू पडतील तेवढे.

त्याआधी आपल्याकडे निवाडे होत नव्हते असे नाही. गोतसभा बसत, महजर लिहिले जात, जिंकणारा तो कागद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवी. पण महजर त्या घराच्या त्या हक्काचा पुरावा होता. साताऱ्याच्या वतनाचा महजर दाखवून सोलापूरच्या माणसाने आपले वतन मागावे, अशी ती व्यवस्था नव्हती. कॉमन लॉमध्ये परक्याचे भांडण माझ्या उपयोगी पडते, आणि माझे भांडण मी मेल्यावर तिसऱ्याच कोणाच्या मानेवर बसते.

हे घडते कसे, ते कोणत्याही जिल्हा न्यायालयात अर्धा तास बसले तरी दिसते. एक वकील उठतो, ऑल इंडिया रिपोर्टरचा खंड किंवा आता बहुधा प्रिंटआउट पुढे करतो : ‘साहेब, मुद्दा निकालात निघालेला आहे.’ नागपुरातून निघणारे ते जाड खंड महाराष्ट्रातल्या कित्येक वकिलांच्या बैठकीच्या खोलीची भिंतच होऊन बसले आहेत. समोरचा वकील निकाल नाकारत नाही. तो म्हणतो, ‘फॅक्ट्स वेगळ्या आहेत.’ कॉमन लॉचे सगळे राजकारण या तीन शब्दांत आहे. निकालातला बांधून घेणारा गाभा म्हणजे ‘रेशो’, बाकी सारे जाता जाता बोललेले. वरच्या न्यायालयाचा रेशो खालच्याला मोडता येत नाही. संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्यांना बांधतो. पण आपला खटला त्या गाभ्यात येतच नाही, असे दाखवता येते. त्याला बार रूममध्ये ‘डिस्टिंग्विश करणे’ म्हणतात.

महाराष्ट्रातले दोन खटले शेजारी ठेवून पाहू. पहिला यमुनाबाई आढाव यांचा. १९७४ साली विधिवत लग्न झाले. नवऱ्याची पहिली बायको हयात होती. छळ झाला म्हणून या बाईंनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नी. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दुसरे लग्न मुळातच शून्य, म्हणून पोटगी नाही. दुसरा खटला २०१३ चा, ‘बादशाह विरुद्ध उर्मिला बादशाह गोडसे’. इथेही पहिले लग्न लपवून दुसरे केलेले, इथेही पोटगीचा अर्ज, कलम तेच. या वेळी न्यायालयाने पोटगी दिली. फसवणाऱ्याला आपल्याच फसवणुकीचा फायदा घेऊ देता येणार नाही, आणि कलम १२५ हे सामाजिक न्यायासाठी आहे, असे त्यांनी सांगितले. मग १९८८ च्या निकालाचे काय? तो मोडला नाही. पहिल्या लग्नाची पूर्ण कल्पना असूनही बाईने लग्न केले असेल तिथे तो लागू, असे म्हणून बाजूला सरकवला.

इथे लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतील. कारण यमुनाबाईंच्या वतीनेही, आपल्याला पहिल्या लग्नाबद्दल सांगितलेच नव्हते, असा मुद्दा मांडला होता आणि न्यायालयाने तो फेटाळला होता. म्हणजे ज्या फरकावर दुसरा निकाल उभा आहे, तो फरक पहिल्याच्या कागदातच पुसलेला होता. निकाल मला मान्य आहे; यापेक्षा वेगळा निकाल न्यायाला धरून झाला असता असे मला वाटत नाही. पण तो ज्या कारणाने दिला ते कारण टिकाऊ नाही. नियम बदलतो आणि कोणीच तो बदलला असे म्हणत नाही : कॉमन लॉची ही जुनी खोड आहे. पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन बाया एकाच दारात उभ्या राहिल्या, एकीला रिकाम्या हाताने परत पाठवले आणि दुसरीला आत घेताना पहिलीशी आपण नीटच वागलो होतो असे भासवले. ज्याला हा कायदा समजून घ्यायचा आहे त्याने हे दोन निकाल एका बैठकीत वाचावेत. पाठ्यपुस्तकातली व्याख्या नंतर वाचली तरी चालेल.

या खोडीभोवतीच कॉमन लॉच्या विचारवंतांचे तट पडले आहेत. विल्यम ब्लॅकस्टोनने १७६५ ते १७६९ या काळात इंग्रजी कायद्याचे भाष्य लिहिले. त्याच्या मते न्यायाधीश कायदा करत नाही, तो पूर्वीपासून असलेला कायदा शोधून सांगतो; चुकीचा निकाल हा वाईट कायदा नव्हे, तो कायदाच नव्हे. त्याच्या व्याख्यानांना बसलेला जेरेमी बेंथम यावर आयुष्यभर चिडून राहिला. त्याचे म्हणणे असे की माणूस कुत्र्याला शिकवतो तसा हा कायदा माणसांना शिकवतो. कुत्र्याने काही केले की फटका मारायचा, आधी सांगायचे नाही. बेंथमला सगळे लिहून काढलेले, संहितेत बांधलेले हवे होते. इंग्लंडने त्याचे फारसे ऐकले नाही. त्याच्या विचारांचा मोठा प्रयोग भारतात झाला. मेकॉलेच्या आयोगाचा दंडसंहितेचा मसुदा १८३७ चा, कायदा १८६० चा. करार आणि पुरावा १८७२, मिळकत हस्तांतरण १८८२. कॉमन लॉच्या मूळ घरी जे संहितेत नव्हते ते आपल्याकडे कलमवार झाले. नुकसानभरपाईचा कायदा, म्हणजे टॉर्ट, तेवढा मोकळा राहिला. म्हणूनच १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाल्यावर १९८६ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती १८६८ चा ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ मागे टाकून, धोकादायक उद्योगाला कोणतीही सबब चालणार नाही, असा नवा नियम घालू शकले.

अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८८१ च्या आपल्या ‘द कॉमन लॉ’ या पुस्तकात तर्कापेक्षा काळाच्या गरजांना आणि अनुभवाला महत्त्व दिले. त्याच्या वाटेने पुढे गेलेले वास्तववादी म्हणू लागले की कायदा पुस्तकात शोधू नका, न्यायाधीश प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. रोनाल्ड ड्वॉर्किनने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा ब्लॅकस्टोनच्या अंगणाकडे वळून, न्यायाधीश मनमानी करत नाही, मागच्या निकालांचा सर्वांत चांगला अर्थ लावणे त्याच्यावर बंधनकारक असते, असे मांडले. बादशाह निकाल ड्वॉर्किनला आवडला असता आणि बेंथमला संताप आला असता. माझे मत अधूनमधून बाजू बदलते. पण भारतीय कोर्टात उमेदवारी केलेला माणूस सहसा वास्तववादीच होतो.

नात्यांकडे वळू. वसाहतीच्या काळात कॉमन लॉच्या नावाखाली जे आले त्यातले सगळे कॉमन लॉचे नव्हते, हे लेखिकेने रखमाबाईंच्या खटल्यातून नेमके दाखवले आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, म्हणजे दादाजी भिकाजींनी, दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अशा बाईला तिच्या इच्छेविरुद्ध पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. नांदायला लावण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता आणि वेस्टमिन्स्टरच्या कॉमन लॉतलाही नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. ‘केसरी’ने मात्र तो हिंदू धर्माचा म्हणून उचलून धरला. इंग्लंडने हा दावा १९७० साली काढून टाकला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही नांदतो आहे.

याच्या उलट, आपले म्हणून जे होते ते गेले. मिताक्षरेच्या परंपरेत ‘अवरुद्ध स्त्री’ ही संज्ञा आहे : लग्न न करता एकाच पुरुषाशी निष्ठेने आणि कायमची राहिलेली बाई. तो मेल्यावर त्याची मिळकत जो घेईल त्याने तिचे पोट भरायचे. १९२६ साली मुंबईहून गेलेल्या ‘बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई’ या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने हा हक्क मान्य केला आणि ती त्याच्या कुटुंबाच्या घरात राहत नसली तरी हरकत नाही, असेही म्हटले. १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. त्याने अवलंबितांची यादी कलमात बांधली आणि तीत या बाईला जागा उरली नाही. ही व्यवस्था पुरुषसत्तेची होती यात वाद नाही. तरी आधुनिक, सुधारकी संहितेने एका गरजू बाईच्या तोंडचा घास काढला, ही नोंद सुधारणेच्या इतिहासात सहसा येत नाही. या पुस्तकात ती आहे.

परदेशांतला पट थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत कॉमन लॉ विवाह खरोखरच आहे. टेक्सासमध्ये दोघांनी आपण विवाहित आहोत असे ठरवले, तिथे एकत्र राहिले आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावरले, की लग्न झाले. मग मोडायलाही रीतसर घटस्फोट लागतो. सात वर्षांची जी अट लोक सांगतात ती तिथल्या कायद्यात नाही. स्कॉटलंडने असा विवाह २००६ साली बंद केला. कॅनडाच्या स्थलांतर खात्याला बारा महिने सलग एकत्र राहिलेले जोडपे ‘कॉमन लॉ पार्टनर’ म्हणून चालते. पुण्या-ठाण्याहून तिकडे गेलेली कितीतरी मुले-मुली फॉर्मवर त्या चौकटीत खूण करतात. पण मिळकतीचा प्रश्न आला की प्रांत बदलला तसा कायदा बदलतो. ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षांनंतर ते पती-पत्नीसारखे वाटेकरी होतात. क्विबेकमध्ये २०१३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लग्न न केलेल्यांना वेगळे ठेवणारा प्रांताचा कायदा टिकवला. आणि अशी खूण घेऊन मायदेशी परतलेल्या जोडप्याला इथले रजिस्ट्रार कार्यालय विवाहित मानत नाही.

भारतात काय? इथे दोन गोष्टींची गल्लत रोज होते, आणि वर्तमानपत्रांचे मथळे ती वाढवतात. पहिली, विवाहाचे गृहीतक. १९५२ च्या ‘गोकलचंद’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिलेल्यांचे लग्न झालेले असावे असे धरता येते, पण विरुद्ध पुरावा आला तर ते गृहीतक पडते. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत हेच लावले. अर्ध्या शतकानंतर लग्नाचे साक्षीदार आणायचे कुठून, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. हा पुराव्याचा नियम आहे : लग्न झाले होते, एवढेच तो मानून चालतो. लग्नाशिवायच्या नात्याला तो काही देत नाही. दुसरी गोष्ट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातली. त्यात ‘विवाहासारखे नाते’ असे शब्द आले, व्याख्या आली नाही. २०१० च्या ‘वेलुसामी’ निकालात न्यायमूर्ती काटजू यांनी ती रिकामी जागा अमेरिकी कॉमन लॉ विवाहाच्या कसोट्यांनी भरली : समाजात पती-पत्नीसारखे वावरणे, कायदेशीर वय, लग्नाला पात्र असणे, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहणे. त्याच निकालात विवाहित पुरुषाने सांभाळलेल्या बाईसाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी भर कोर्टात हरकत घेतली होती. २०१३ च्या ‘इंद्रा सर्मा’ निकालाने, पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही त्याच्यासोबत वर्षानुवर्षे राहिलेली बाई या संरक्षणाबाहेर ठेवली आणि पुन्हा संसदेकडे बोट दाखवले. १९२६ च्या नागूबाईंना जे मिळाले ते हिला मिळाले नाही.

संसदेकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण कायदेमंडळाने लिहिलेलेही गोठून बसते. सतराव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल याच्या मरणोत्तर, १७३६ मध्ये छापलेल्या ग्रंथात नवरा बायकोवरील बलात्काराचा गुन्हेगार होऊ शकत नाही, असे एक विधान आहे. ते कोर्टाकोर्टांतून कायदा होऊन बसले. १९९१ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने एका निकालाने ते मोडीत काढले. न्यायाधीशांनी केलेले न्यायाधीशांनी निस्तरले. आपल्याकडे तेच विधान १८६० च्या दंडसंहितेत अपवाद म्हणून छापले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीपुरता तो अपवाद दूर केला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे उरलेल्या अपवादाबाबत दुमत झाले. आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत तो नव्या कलमाच्या अंगाखांद्यावर बसून पुन्हा आला. संहिता म्हणजे प्रगती आणि निकालांचा कायदा म्हणजे जुनाटपणा, असे मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण मनात ठेवावे.

हे पुस्तक आत्ताच का? उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने जानेवारी २०२५ पासून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नोंदणी सक्तीची केली. नोंदणी न करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगीची वाटही आहे. हक्क आणि पहारा एकाच कागदावर आले आहेत. बाकीच्या राज्यांत हीच चर्चा सुरू होईल तेव्हा तिसरा पर्याय म्हणून न्यायालयांची सावकाश, एका खटल्यानंतर दुसरा अशी पद्धत पुढे ठेवली जाईल. तिची किंमत कोण मोजते, हे तेव्हा विचारावे लागेल. निकालातून नियम मिळायला आधी कोणाचे तरी नाते पुरते मोडावे लागते, आणि दिल्लीपर्यंत जायचे पैसे व वर्षे तिच्या गाठीला असावी लागतात. बहुतेक जणी तालुक्याच्या कोर्टातच थांबतात. त्यांच्या प्रकरणांतून कायदा होत नाही.

दुसरे कारण भाषेचे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठी अनुवादात उपलब्ध होऊ लागले आहेत. अनुवाद हाती आला म्हणून निकाल वाचता येतोच असे नाही. तथ्ये कोणती, त्यांतली कोणती निर्णायक, न्यायालय कोणता जुना निकाल मानते आणि कोणता हळूच बाजूला सारते, हे पाहायची सवय लागावी लागते. लेखिकेचा खरा उद्योग तो आहे. तिने कायद्याचा इतिहास कालक्रमाने सांगितलेला नाही, कलमांचे कोष्टकही दिलेले नाही. एकेक नाते घेतले आहे : नांदायला न जाणारी बायको, दुसरी बायको, लग्नाविना राहणारी जोडीदार, काडीमोड पुरे की कोर्टाचा हुकूम हवा या पेचात अडकलेली बाई. आणि त्या नात्यावरचे निकाल एकापुढे एक मांडले आहेत, वाचकाने स्वतः फरक शोधावा म्हणून.

माझे तिच्याशी दोन ठिकाणी जमले नाही. इक्विटीला तिने फार लवकर निरोप दिला आहे. इंग्लंडात आज घराच्या वाट्याचे बरेचसे भांडण विश्वस्त-कायद्याच्या आधारे, म्हणजे इक्विटीच्याच अंगणात लढले जाते, आणि आपल्याकडेही ती वाट वापरता येण्याजोगी आहे. दुसरे, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांतले निकाल तुलनेने थोडे आहेत. १९२९ चा ‘मोहब्बत अली खान’ निकाल, ज्यात प्रिव्ही कौन्सिलने एकत्र राहण्यावरून लग्न गृहीत धरण्याचा नियम सांगितला, तो एका वाक्यात उरकायला नको होता. पुढच्या आवृत्तीत हे भरून निघेल अशी आशा आहे.

प्रत्येक निकालाच्या आधी तथ्यांचा भाग लेखिकेने सविस्तर दिला आहे आणि निष्कर्ष मुद्दाम पान उलटल्यावर छापला आहे. वाचकाने पान उलटण्याआधी आपला निकाल पेन्सिलीने समासात लिहावा. यमुनाबाईंच्या पानापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.